केबल घ्यावी की डिश लावावी? (वर्ल्डकपच्या आधी)

प्रेषक: स्नेहल
रविवार, १२ एप्रिल २०२६

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा फुटबॉलचा आणि थोडा घरातला आहे, इथे विचारलेला चालेल ना. आम्ही फ्रँकफर्टमध्येच नवीन फ्लॅटमध्ये आलोय, टीव्ही लावला तर "सिग्नल नाही". भिंतीत केबलचं सॉकेट आहे पण त्यात काहीच येत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या आता त्याचा वेगळा करार करावा लागतो, पूर्वी भाड्यातच असायचं. आणि लगेच एक सेल्समन दारात हजर, गळ्यात ओळखपत्र, म्हणे आत्ता सही केली नाहीत तर वर्ल्डकपच्या आधी कनेक्शन मिळायचं नाही, दोन वर्षांचा करार. नवऱ्याने सही केली नाही पण फोन नंबर देऊन मोकळा झाला, आता तो माणूस संध्याकाळी बरोबर पोळ्या लाटायच्या वेळेला फोन करतो.

आम्हाला मालिका वगैरे काही बघायच्या नाहीत. लेक इथल्या क्लबात खेळतो, त्याला आणि बापाला मॅचेस हव्यात, बस. समोरच्या बिल्डिंगवर बऱ्याच डिश दिसतात. त्यात फुकट नक्की काय काय येतं? आणि आपल्यासारख्या भाडेकरूला लावू देतात का? बाल्कनी आग्नेयेकडे आहे, समोर चेस्टनटचं मोठं झाड आहे.

– स्नेहल

---

प्रेषक: अविनाश
रविवार, १२ एप्रिल २०२६

स्नेहल,

आधी त्या सेल्समनला वाटेला लाव. ३० जून २०२४ पर्यंत घरमालकाला केबलचे पैसे भाड्यावरच्या इतर खर्चात घालून सरसकट सगळ्यांकडून वसूल करता यायचे, तुम्ही टीव्ही बघा नाहीतर नका बघू. १ जुलैपासून ते बंद झालं. आता ज्याला हवी त्याने आपला आपण करार करायचा, नको असेल त्याने एक सेंटही द्यायचा नाही, आणि म्हणून हे लोक तेव्हापासून दारोदार फिरतायत. आपल्या या ईमेल लिस्टवर कुणी दारातच सही करून बसलं असेल तर चौदा दिवसांच्या आत लेखी कळवून रद्द करा, कारण सांगावं लागत नाही.

आता मूळ मुद्दा. रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे सार्वजनिक टीव्ही-रेडिओची सक्तीची फी, तुम्ही भरताच, महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. म्हणजे एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक चॅनेलचे पैसे तुमच्या खिशातून आधीच गेलेत. हे दोन्ही चॅनेल १९.२ अंश पूर्वेच्या अ‍ॅस्ट्रा उपग्रहावरून एचडीमध्ये येतात, कार्ड नाही, कुलूप नाही, महिन्याचं बिल नाही. केबलवाला तेच चॅनेल तुम्हाला पुन्हा पैसे घेऊन दाखवतो. डिश, एलएनबी (डिशच्या समोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा), वायर सगळं मिळून शंभर युरोच्या आत बसतं आणि ते एकदाच.

फक्त फुकट म्हणजे सगळं फुकट असं समजू नकोस, इथे बरेच जण फसतात. बुंडेसलीगाचे, म्हणजे इथल्या मुख्य लीगचे, सामने लाइव्ह हवे असतील तर स्काय आणि डाझोनकडे पैसे मोजावे लागतातच, मग डिश लावा की केबल घ्या, फरक पडत नाही. फुकटात शनिवारी संध्याकाळी एआरडीवर स्पोर्टशाऊ असतं, १९६१ पासून चालू आहे, त्यात त्या दिवशीच्या मॅचेसचा सारांश बघायला मिळतो. शिवाय जर्मनीच्या टीमच्या मॅचेस आणि पोकालची, म्हणजे जर्मन कपची, फायनल. आरटीएल आणि झाट आइन्स हे खाजगी चॅनेल डिशवर साध्या एसडीमध्ये मोकळे आहेत, त्यांचं एचडी मात्र कुलूपबंद, त्याला एचडी प्लस हे पैसे भरायचं पॅकेज घ्यावं लागतं. मी घेतलेलं नाही, अडलंही नाही.

वर्ल्डकपच्या १०४ मॅचेसपैकी ६० एआरडी-झेडडीएफवर आहेत. जर्मनीच्या सगळ्या, उद्घाटनाची, दोन्ही सेमीफायनल आणि फायनल त्यात आल्या. उरलेल्या ४४ फक्त माजेंटा टीव्ही या पैसे भरून घ्यायच्या सेवेवर.

भाडेकरूच्या हक्काचं उद्या लिहितो, ते जरा लांबण आहे.

– अविनाशकाका

---

प्रेषक: निखिल
सोमवार, १३ एप्रिल २०२६

काका, तुमचं सगळं मान्य, पण २०२६ मध्ये बाल्कनीत छत्री कशाला? एआरडी आणि झेडडीएफची अ‍ॅप्स फुकट आहेत, टीव्हीवर टाका, वायफाय आहेच घरात, संपलं. ना घरमालकाची परवानगी ना झाडाची कटकट. आणि ज्याला इंटरनेटवर विसंबायचं नाही त्याने खिडकीत छोटा अँटेना ठेवावा, डीव्हीबी-टी२ वर, म्हणजे अँटेन्याने पकडायच्या प्रक्षेपणावर, हे दोन्ही चॅनेल तसेही फुकट येतात, टीव्ही फार जुना नसला की झालं. फ्रँकफर्टमध्ये मस्त पकडतो. आमची बाल्कनी उत्तरेला आहे, डिश लावली तरी तिला उपग्रह दिसायचाच नाही, आमचं त्या वीतभर अँटेन्यावर छान चाललंय.

– निखिल

---

प्रेषक: रणजित
सोमवार, १३ एप्रिल २०२६

निखिल भावा, तू अ‍ॅपवर मॅच बघतोस आणि खालच्या मजल्यावरचा डिशवर बघतो, असं कधी झालंय का? माझं झालंय. २०२४ च्या युरो स्पर्धेला आमच्या टीव्हीवर अजून कॉर्नर घ्यायला माणूस चालत निघालाय आणि खालून सगळी बिल्डिंग हादरेल असा "टोSSSर". अर्ध्या मिनिटाने आमच्याकडे गोल. तोवर बायकोनं पण विचारलं, झाला ना गोल, मग आता काय बघताय. लय बेकार वाटतं. पुढच्या मॅचला मी खाली जाऊन बसलो, सरळ. त्याच्याकडे बियर पण होती.

आम्ही कोल्हापूरची माणसं, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत मोठे झालो, आम्हाला गोल शेजाऱ्याकडून कळलेला चालत नाही. वर्ल्डकप आला की आमच्याकडे पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात बॅनर, त्यावर मेस्सीच्या शेजारी गल्लीतल्या पोरांचे फोटो. एवढ्या वर्षांत दोन्ही देशांतला एक माणूस कोल्हापुरात आला नसेल पण भांडणं अशी की जणू शेताच्या बांधावरून चाललीत.

ताई, डिशच लावा. पण त्या ४४ मॅचेसचं काका म्हणतात ते ध्यानात ठेवा, ब्राझील-अर्जेंटिनाच्या ग्रुपमधल्या मॅचेस कुठे आहेत ते टाइमटेबल बघून आधीच घरात सांगून टाका, नंतर पोरगं रडायला नको. तशाही बऱ्याच मॅचेस इथल्या मध्यरात्रीनंतर आहेत, अमेरिकेत खेळ म्हटल्यावर दुसरं काय होणार.

– रणजित

---

प्रेषक: अविनाश
सोमवार, १३ एप्रिल २०२६

निखिल, उत्तरेकडच्या बाल्कनीसाठी तू म्हणतोस ते अगदी बरोबर, तिथे दुसरा इलाज नाही. पण उशिराचं रणजित सांगतो तेही खरं आहे. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे, सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, बाकी थोडे सेकंद एन्कोडिंगचे. अ‍ॅपमध्ये तोच व्हिडिओ तुकडे करून सर्व्हरवर ठेवतात आणि तुमचा टीव्ही त्यातले काही तुकडे आधी साठवून मग दाखवायला लागतो, म्हणजे चित्र अडकू नये. उशीर तिथे होतो, तुमचं इंटरनेट कितीही फास्ट असलं तरी.

आता स्नेहलच्या हक्काचं. आपल्या लोकांत एक समज आहे की परदेशी माणसाला डिश लावायला घरमालक नाही म्हणूच शकत नाही. याचं मूळ ९ फेब्रुवारी १९९४ च्या घटना न्यायालयाच्या निकालात आहे, एका तुर्की भाडेकरूचं प्रकरण होतं. कोर्टाने म्हटलं की मायदेशाचे चॅनेल केबलवर मिळत नसतील तर त्याच्या माहिती मिळवण्याच्या हक्काचा विचार करायला हवा, घरमालकाच्या हक्काशी तोलून. तोलून, हे लोक विसरतात. आणि तू तर जर्मन चॅनेलवर जर्मन फुटबॉल बघायला डिश मागतेयस, मायदेशाचा मुद्दा कुठून आणणार! तेव्हा कोर्टकचेरीची भाषा नको. घरमालकाला साधी दोन ओळींची ईमेल कर: भिंतीला भोक पाडणार नाही, डिश बाल्कनीच्या आत स्टँडवर ठेवीन, कठड्याबाहेर येणार नाही, जाताना काढून नेईन. बहुतेक जण हो म्हणतात. त्याआधी बिल्डिंगच्या छतावर सगळ्यांची मिळून एखादी डिश आहे का तेही विचार, असली तर तुझं सगळंच काम वाचलं.

– काका

---

प्रेषक: स्नेहल
गुरुवार, १६ एप्रिल २०२६

काका, खूप आभार. छतावर डिश नाही पण घरमालक हो म्हणाले, भोक नको एवढीच अट, ती तुमचीच ओळ त्यांनी मला परत पाठवली. सेल्समनला नवऱ्याने सांगितलं की आम्ही डिश लावतोय, तर म्हणे पावसात काही दिसत नाही हो तुम्हाला. खरं का? आणि त्या झाडाचं काय? डिश कुठे फिरवायची ते कसं कळणार?

– स्नेहल

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, १६ एप्रिल २०२६

पावसाचं त्याने अर्धं खरं सांगितलंय. रिमझिम पावसाने काही होत नाही. जूनमधलं वादळ, आकाश काळं होऊन कोसळायला लागलं की पाच-दहा मिनिटं चित्र जातं. म्हणून ६० सेंटीमीटरची पुरत असली तरी जागा असेल तर ८० ची घे.

झाडाचा प्रश्न पावसापेक्षा मोठा आहे. लोक हिवाळ्यात डिश लावतात, सगळं उत्तम, आणि मे महिन्यात पालवी भरली की हळूहळू चित्राच्या चौकटी फुटायला लागतात, मग एलएनबी बदलतात, वायर बदलतात, झाडाकडे कुणी बघत नाही. ओली पानं तर जास्तच अडवतात. तू असं कर, फ्रँकफर्टहून अ‍ॅस्ट्रा दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण १४ अंशांवर आहे आणि क्षितिजापासून ३२ अंश वर. या दिवसांत दुपारी पावणेएकच्या सुमाराला सूर्य त्याच दिशेला असतो, फक्त बराच वर. तेव्हा बाल्कनीत उभी राहा, सूर्याच्या बरोबर खाली, निम्म्याच्या जरा वर, तिथे आकाश दिसतंय का चेस्टनट? आकाश असेल तर लगेच ऑर्डर कर. झाड असेल तर डिश बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बघ, दोन मीटरनेही फरक पडतो. तरी नाही जमलं तर निखिलचा अँटेना आहेच.

लावताना: डिश जवळजवळ उभी दिसेल, घाबरू नकोस, या ऑफसेट डिश असतात, उभ्या दिसल्या तरी वर बघत असतात. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असते, तिथे आधी ३२ लावून नट जेमतेम घट्ट करायचा. टीव्हीत डीव्हीबी-एस२, म्हणजे डिशचा, ट्यूनर आहे का बघ, बहुतेक नव्या टीव्हीत असतो. जुना बाजारातला स्वस्त रिसीव्हर मात्र घेऊ नकोस, एआरडीने जानेवारी २०२५ मध्ये एसडी बंद केलं आणि झेडडीएफनेही त्याच वर्षी, बिनएचडीच्या डब्यावर आता नेमके हेच दोन दिसत नाहीत. मग ट्यूनरमध्ये ११४९४ मेगाहर्ट्झ, हॉरिझॉन्टल, सिम्बॉल रेट २२००० टाक, ते एआरडी. झेडडीएफ ११३६२ वर, बाकी तेच. एकाने टीव्हीवर क्वालिटीची पट्टी बघायची आणि दुसऱ्याने डिश दक्षिणेकडून पूर्वेकडे सरकवायची, अगदी केसभर, थांबत थांबत, कारण सिग्नल सापडला तरी ट्यूनरला कळायला एक-दोन सेकंद लागतात आणि माणसं तेवढ्यात पुढे निघून जातात. सर्च करून बघितल्यावर इटालियन आणि पोलिश चॅनेल मिळाले तर तो हॉटबर्ड, १३ अंशांवरचा दुसरा उपग्रह, वाटेत आधी तोच लागतो, अजून थोडं डावीकडे.

आणि वायरच्या टोकाला कनेक्टर बसवताना जाळीचा एकही केस मधल्या तांब्याच्या तारेला लागू देऊ नकोस. एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते, शॉर्ट झालं की सगळं ठप्प आणि डिशमध्ये काय बिघडलंय ते शोधत बसाल.

– काका

---

प्रेषक: मेधा
शनिवार, १८ एप्रिल २०२६

सर्वांना नमस्कार,

हा धागा वाचून आपल्या मंडळाच्या कमिटीत विषय निघाला की एक मॅच सगळ्यांनी हॉलमध्ये मिळून बघायची का. १४ जूनला रविवार आहे, जर्मनी विरुद्ध क्युरासाव, संध्याकाळी सात वाजता, मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असली तरी जमण्यासारखं आहे. फायनलसुद्धा रविवारीच आहे, १९ जुलै, पण रात्री नऊला सुरू होते, त्यात एक्स्ट्रा टाइम झाला तर हॉलची वेळ संपते. तर १४ जूनच.

हॉलचं वायफाय कसं आहे ते गणपतीत पाहिलंत, भारतातून आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल लावला तर आरती संपली तरी ते हात जोडलेल्या अवस्थेत थिजलेले. त्यामुळे डिशच बरी. तिकीट लावायचं नाही आणि स्पॉन्सरचं नाव कुठे घालायचं नाही, तसं केलं की तो कमर्शियल कार्यक्रम होतो आणि फिफाचं लायसन्स लागतं. खाणं ज्याने त्याने घरून आणायचं, डबा पार्टी.

काका, हॉलच्या मागच्या अंगणात डिश ठेवता येईल का? खिळा ठोकायला परवानगी नाही.

– मेधा

---

प्रेषक: अविनाश
शनिवार, १८ एप्रिल २०२६

येईल. अंगण दक्षिणेला मोकळं आहे, तिपाई स्टँडवर ठेवू आणि पायांवर दोन-तीन फरश्या, वाऱ्याने हलता कामा नये, अंशभर हलली तरी चित्र गेलं. वायर खिडकीच्या फटीतून आत घ्यायची तर त्यासाठी चपटी पट्टीसारखी वायर मिळते, ती मी आणतो. आदल्या दिवशी दुपारी लावून बघू, मॅचच्या तासभर आधी नको.

– काका

---

प्रेषक: स्नेहल
रविवार, १९ एप्रिल २०२६

सूर्याखाली आकाश आहे! म्हणजे अगदी डाव्या टोकाला उभं राहिलं तर. ८० ची ऑर्डर केली. १३ जूनला काकांच्या मदतीला नवरा आणि लेक दोघं येतील, तोवर घरी हात बसलेला असेल.

– स्नेहल

---

प्रेषक: मेधा
रविवार, १९ एप्रिल २०२६

छान. रणजित, फरश्या तू आण, तुझ्याकडे गाडी आहे. आणि मॅच जर्मनीची आहे, ब्राझीलचा बॅनर हॉलमध्ये लावायचा की नाही ते कमिटी ठरवेल, लिस्टवर चर्चा नको.

– मेधा

---

प्रेषक: रणजित
रविवार, १९ एप्रिल २०२६

ताई, फरश्या आणतो. बॅनर कोल्हापुरात छापायला टाकलाय, त्यात काकांचा पण फोटो आहे.

– रणजित