मदत हवी आहे: ज्युनियर टेनिसमधून डब्ल्यू१५ स्पर्धांकडे कधी वळावं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची 16 वर्षांची आहे. ज्युनियर स्पर्धा बऱ्यापैकी जिंकते, आता तिला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिलांच्या डब्ल्यू15 स्पर्धा खेळायच्या आहेत. व्यावसायिक टेनिसची ही सगळ्यात खालची पायरी. एकूण बक्षीस 15,000 डॉलर, विजेतीला क्रमवारीचे 15 गुण. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलं तर गुण शून्य. शिवाय डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत तरी गुण हवेत, किंवा एकूण किमान 10 गुण.

तिचा फोरहँड जबरदस्त आहे. पण दुसरी सर्व्हिस अजून हळू पडते, आणि तिथल्या पंचविशीतल्या अनुभवी मुली दोन पावलं आत येऊन थेट रिटर्न मारतात. पात्रता फेरीतच तिची खरी कसोटी लागेल, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न असा, की ज्युनियर क्रमवारी पहिल्या शंभरात येईपर्यंत थांबावं का? शंभरातल्या मुलींसाठी मुख्य फेरीत काही जागा राखीव असतात. की आत्ताच पात्रता फेरी खेळून मार खात शिकावं? आणि एकाच ठिकाणी सलग दोन-तीन आठवडे स्पर्धा असतात, तिथे राहून सगळ्या खेळणं बरं, की मध्ये सरावाचा आठवडा ठेवावा? प्रवेशिका जवळपास तीन आठवडे आधी भरायची असते, त्यामुळे हे लवकर ठरवायला हवं.

ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत किंवा जे प्रशिक्षण देतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुहेरीत नाव द्यावं का, तेही सांगा.