व्हरांड्यातला पाळणा: कॅमेरा नं. २ चं काय करायचं?

प्रेषक: उल्हास (खजिनदार)
मंगळवार, सकाळी ८.१०

सर्वांस नमस्कार. सांभाळता न येणारं तान्हं मूल कुणाला गुपचूप आणून ठेवता यावं म्हणून मंडळाच्या व्हरांड्यात पाळणा ठेवायचं ठरलंय, त्यासाठी कुर्टीच्या सुताराचा काल परत फोन आला. पेटी सागाची की फणसाची आणि आगाऊ रक्कम कधी, हे त्याला शुक्रवारपर्यंत हवंय. पुढे तो चवथीच्या मखरांत अडकतो. सभेत ठरलं त्याप्रमाणे जागा व्हरांड्याचा डावा कोपरा, चपलांच्या रॅकशेजारी. काल टेप घेऊन गेलो तर कॅमेरा नं. २ नेमका त्याच कोपऱ्यावर रोखलेला. पाळण्यावर आपण ‘नाव-गाव विचारलं जाणार नाही’ असं लिहिणार आहोत. मग कॅमेरा वळवायचा की काढायचा, तेवढं कळवा. बाकी चर्चा नको, ती सभेत झालीय.

प्रेषक: प्रमिला
मंगळवार, ८.४५

काढायचा अजिबात नाही. हार्मोनियम आणि दोन समया गेल्या तेव्हा पोलिसांनी पहिलं काय विचारलं ते आठवा. पाळणा उजव्या कोपऱ्यात न्या.

प्रेषक: उल्हास
मंगळवार, ८.५२

उजवीकडे पागोळ्या थेट आत येतात. चटया तिथेच कुजल्या होत्या.

प्रेषक: शिरीष
मंगळवार, १०.३०

नं. २ आमच्या बाबांच्या स्मरणार्थ दिलेला आहे, खाली पाटी आहे. तो वळवायचा असेल तर निदान घरी एक फोन करायची पद्धत असावी. आणि खरं सांगायचं तर ही सगळी अमेरिकेची फॅडं. मंडळाचं काम नाटक, वाचनालय आणि चवथ. मी सभेतही हेच बोललो होतो, इतिवृत्तात आलेलं नाही.

प्रेषक: शैलेश (नाट्यविभाग)
मंगळवार, ११.०५

मंगळवार-गुरुवार तालीम साडेदहापर्यंत चालते. नंतरही अर्धा तास पोरं व्हरांड्यातच चहा पीत असतात. कॅमेरा काढलात तरी बारा डोळे तिथे आहेतच. की तालीम बंद करायची?

प्रेषक: मिलिंद, ह्यूस्टन
मंगळवार, रात्री ७.२०

कल्पना मीच मांडली होती म्हणून लिहितो. शिरीष, फॅड म्हण, पण टेक्ससमध्ये तान्हं बाळ सुरक्षित सोपवण्याचा कायदा १९९९ साली झाला, देशात पहिला. २००८ पर्यंत पन्नासही राज्यांत झाला. इथे साठ दिवसांपर्यंतचं बाळ इस्पितळात किंवा अग्निशमन केंद्रात आणून सोपवायचं. बाळाला इजा नसेल तर आईला खटल्यापासून संरक्षण मिळतं. कॅलिफोर्नियात हीच मुदत ७२ तास. इंडियानात २०१६ पासून भिंतीत बसवलेल्या पेट्या आहेत. त्यांचं बाहेरचं दार लावलं की आपोआप कुलूप पडतं आणि आपत्कालीन सेवेकडे घंटा वाजते. त्यामुळे कॅमेऱ्याचं नंतर पाहा, आधी घंटा कोणाकडे वाजणार ते ठरवा. आपल्याकडे रात्री वॉचमन नसतो ना?

आणि मजकूर जपून लिहा. नेब्रास्काने २००८ साली कायद्यात वयच घातलं नाही, नुसतं ‘मूल’ लिहिलं. काही महिन्यांत तीसहून जास्त मुलं आणून सोडली गेली, त्यांतली बरीचशी किशोरवयीन. एका बापाने ओमाहाच्या इस्पितळात आपली नऊ मुलं सोडली. नोव्हेंबरात खास अधिवेशन भरवून तीस दिवसांची मर्यादा घालावी लागली.

प्रेषक: उल्हास
मंगळवार, ७.४१

घंटा माझ्या मोबाइलवर लावता येईल. पण रात्री मी मोबाइल बंद करून झोपतो.

प्रेषक: सुनंदा
मंगळवार, ९.१५

उल्हास, तू राहतोस बांदोड्याला. घंटा ऐकलीस, उठलास, स्कूटर काढलीस, आणि पाऊस असला तर? नुकतं जन्मलेलं मूल ओलं असलं की बघता बघता गार पडतं. गार पडलेलं मूल रडतसुद्धा नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू येईल ही आशा सोडा. आपल्या आवारातली कुत्री मात्र लगेच हजर होतील. साग की फणस विचारताय, उबेचं कोणी विचारत नाही.

माझी उभी हयात बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. एक पोर आली होती, एकोणीस-वीसची, बरोबर कोणी लांबची मावशी. मूल तिला न्यायचं नव्हतं. कळा सोसल्या, पण केसपेपर पाहिला की थरथर कापायची, कारण त्यावर गावाचं नाव होतं. रात्री मावशी माझ्या कानाशी आली. एक जोडपं आहे, पैशांचंही बघतील, तुम्ही फक्त कागदावर त्यांचं नाव घाला. अशी माणसं बरोब्बर अशा वेळीच भेटतात. मी डॉक्टरांना उठवलं, सकाळी सरकारी बाल कल्याण समितीला कळवलं. मूल रीतसर दत्तक गेलं. कुठे ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असूही नये.

प्रेषक: प्रमिला
मंगळवार, ९.३०

सुनंदाताई, हा विषय महिला समितीकडे आधी यायला हवा होता, असं माझं पहिल्यापासून म्हणणं आहे. खजिनदारांनी परस्पर सुतार गाठला.

प्रेषक: उल्हास
मंगळवार, ९.३४

परस्पर नाही. इतिवृत्त पाहा, मुद्दा सात.

प्रेषक: भाई (वकील)
बुधवार, सकाळी ६.५०

मोतीबिंदूमुळे सभेला नव्हतो आणि मला कोणी विचारलंही नाही, तरी लिहितो. एवढी मोठी मेल पुन्हा होणार नाही.

मूल कायमचं सोडून देण्याच्या हेतूने उघड्यावर टाकणाऱ्या आईबापांना भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वीच्या दंड संहितेचं ३१७ ते हेच. पण बाल न्याय कायदा २०१५, कलम ३५ वाचा. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी, आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे, मूल सांभाळता येत नसेल तर पालकाने ते बाल कल्याण समितीपुढे आणावं. समिती चौकशी करते, समुपदेशन करते, मग समर्पणाचा दस्तऐवज होतो. विचार बदलायला दोन महिने मिळतात. उत्तर आणि दक्षिण गोव्यात समित्या आहेत. आईचं नाव समितीला कळतं, गावाला कळत नाही.

आता तुमच्या पाळण्याकडे या. तिथे सापडलेलं मूल कायद्याच्या लेखी ‘परित्यक्त’, म्हणजे टाकून दिलेलं. ते चोवीस तासांत समितीपुढे न्यावं लागतं. सापडल्याची खबर न देणाऱ्याला सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘सकाळी बघू’ म्हणणारा खजिनदार आधी अडकेल. पुढे पालकांचा शोध घ्यायचा म्हणून मुलाच्या फोटोसह वर्तमानपत्रात जाहिरात येते. समितीपुढे रीतसर समर्पित केलेल्या मुलाची अशी जाहिरात काढत नाहीत. तुम्ही कॅमेरा वळवून जिचं नाव झाकायला निघालात, तिचं मूल पेपरात छापून यायचं. आणि समितीपुढे गेलेल्या बाईचं गुपित राहायचं. हे लक्षात घ्या आणि मग सुताराला पैसे द्या.

पाळणे आपल्या देशात नाहीत असं नाही. तामिळनाडूने १९९२ साली सेलममध्ये सरकारी योजना काढली, कारण तिथे मुलींचे जीव जात होते. केरळने २००२ मध्ये तिरुवनंतपुरमला ‘अम्मतोट्टिल’ सुरू केलं. पण ते राज्याच्या बालकल्याण परिषदेचं, मूल ठेवताच आत घंटा होते आणि आत माणसं असतात. सुनंदाने सांगितलेला जोडप्याचा प्रकार हा वेगळा गुन्हा. मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत आणि लाखभर दंड. मंडळ ही दत्तक संस्था नाही, इस्पितळ नाही. आपण पाळणा ठेवू नये.

प्रेषक: शिरीष
बुधवार, ७.३०

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

प्रेषक: वासंती
बुधवार, ८.२०

शिरीष, भाईंचं आणि तुझं म्हणणं एक नाही. तू फॅड म्हणालास. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा टेक्ससचा हा कायदा जन्माला यायला १३६ वर्षं होती. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी जाहीर पत्रकं लावली होती. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत, त्याला या दोघांनी दत्तक घेतलं. त्यांनी कोपऱ्यात पेटी ठेवली नाही. आधी बाईला बाळंत व्हायला खोली दिली. आपण थेट पेटीवर आलो.

माझी लेक जर्मनीत असते म्हणून ठाऊक आहे. तिथे हॅम्बुर्गला २००० साली बाळ ठेवायचा भिंतीतला झरोका सुरू झाला. पण २०१४ पासून कायद्याने ‘गोपनीय बाळंतपण’ आलं. बाई इस्पितळात टोपणनावाने बाळंत होते, खरं नाव लखोट्यात बंद राहतं. मूल सोळा वर्षांचं झालं की ते पाहायला मागू शकतं.

प्रेषक: मिलिंद, ह्यूस्टन
बुधवार, ८.५५

भाईंचं मान्य. पण टाकी-नाल्यात मूल मिळाल्याची बातमी येते ती बाई समितीपर्यंत पोचलेली नसते. तिला हे कलम ३५ सांगणार कोण?

प्रेषक: शैलेश (नाट्यविभाग)
बुधवार, ९.००

म्हणजे तालीम चालू राहील ना?

प्रेषक: सुनंदा
बुधवार, ९.४०

मिलिंदचा प्रश्न खरा. माझ्या वॉर्डात आलेल्यांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं की मूल सोडण्याचा कायदेशीर रस्ता आहे. सगळ्या एकच धरून बसलेल्या: पोलिस येतील. पाळण्याचे पैसे पत्रकांवर घाला. चाइल्डलाइन १०९८, समितीचा पत्ता आणि तीन ओळी: तुमचं नाव बाहेर जाणार नाही, दोन महिने विचार बदलता येतो, मूल कुणाच्याही हातात परस्पर देऊ नका. भाईंनी या ओळी तपासून द्याव्यात. कायद्याने दिलं नाही ते वचन नको.

प्रेषक: भाई (वकील)
बुधवार, १०.१५

पहिल्या ओळीत ‘समितीबाहेर’ हा शब्द घाला. बाकी ठीक.

प्रेषक: प्रमिला
बुधवार, १०.३२

महिला समिती हे घेते. पण फक्त मराठीत छापून उपयोग नाही. वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांकडच्या वस्त्यांत कन्नड आणि हिंदी लागेल. कन्नड कोण लिहील?

प्रेषक: वासंती
बुधवार, ११.००

माझी शेजारीण बेळगावची आहे, लिहून देईल. लावायचं कुठे तेही ठरवा. बसस्टँडच्या भिंतीवर लावलं तर उभं राहून वाचणारी बाई सगळ्यांना दिसेल.

प्रेषक: सुनंदा
बुधवार, ११.०८

बायकांच्या शौचालयाच्या दाराला आतून. कडी लावून वाचता येईल. लॅमिनेट करा, नाहीतर ओलीने आठवड्यात गळून पडतील.

प्रेषक: उल्हास
बुधवार, ११.२०

लॅमिनेशनचा दर विचारून कळवतो. किती प्रती?