शिरानुईचे दिवे बघायचेत, कुठून बघू? (बजेट २५ हजार येन)

मधुरा_पुणे: मंडळी, सप्टेंबरात कामानिमित्त फुकुओकाला जातेय, शेवटी दोन दिवस मोकळे आहेत. दक्षिण जपानातल्या कुमामोतोजवळ, यात्सुशिरोच्या समुद्रावर रात्री दिसणारे शिरानुईचे गूढ दिवे बघायची फार इच्छा आहे. जपानच्या जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याची पहिली तिथी नेमकी तेव्हाच येतेय. गाडी चालवत नाही.

टोकियोकर: त्यापेक्षा टोकियोतल्या ओजीला या. ३१ डिसेंबरच्या रात्री कोल्ह्याचे मुखवटे घालून मिरवणूक निघते. चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली तिथल्या झाडाखाली जमलेले कोल्हे आणि त्यांचे दिवे रंगवलेत. मी एकही वर्ष चुकवत नाही.

सह्याद्री_क्लिक्स: त्या सप्टेंबर म्हणतायत हो! ताई, ४०० मिमीची लेन्स घ्याच. माझी दीड लाखाची आहे, पैसा वसूल.

कुमामोतोची_सून: लेन्स राहू दे. त्या समुद्राकाठच्या एइनो देवळाच्या टेकडीवर जा. पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, तीच वेळ. पाण्यालगत काही दिसत नाही, दहाएक मीटर तरी उंची हवी. आधी एकदोन दिवे दिसतात, मग ते डावीउजवीकडे फुटत शेकडो होतात, असं जुनी माणसं सांगतात. गावकरी त्यांना समुद्रातल्या ड्रॅगनदेवाचे दिवे मानत, त्या दिवशी होड्या काढायला बंदी असे. मुळात ते मासेमारीच्या होड्यांचे दिवे. गार आणि उबदार हवेच्या थरांतून प्रकाश वाकतो नि एकाचे अनेक होतात. पण आता भराव पडले, किनाऱ्यावर विजेचा झगमगाट झाला. आमच्या सासूबाईंनी लहानपणी पाहिलेत, मला एकदाही दिसले नाहीत.

निनाद_के: म्हणजे दिसतच नाहीत! निइगातातल्या त्सुगावाला जा. ३ मेला कोल्ह्याच्या लग्नाची वरात असते, नवरानवरी खरे.

टोकियोकर: ओजीलाही कोल्हेच आहेत.

पक्या_नाशिक: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, जपानात चालतो. भाड्याची गाडी घ्या. मी टॅक्सी सांगून ठेवली होती, पहाटे आलीच नाही. खूप मनस्ताप झाला.

कुमामोतोची_सून: त्या गाडी चालवत नाहीत, वर लिहिलंय. मात्र टॅक्सीचं खरं आहे. मात्सुबासे स्टेशनवरून संध्याकाळीच निघा. आणि दिव्यांसाठीच येणार असाल तर येऊ नका, निराश व्हाल.

मधुरा_पुणे: सगळ्यांचे आभार. एइनोलाच जातेय. संध्याकाळी टॅक्सीने पोचून पहाटेपर्यंत टेकडीवर बसेन. दिवे नाही दिसले तरी चालेल, ती जागा आणि ती ओहोटी मला बघायचीच आहे. सूनबाई, रात्री तिथे डास असतात का?