लडाखच्या हिवाळ्यात गॅस की रॉकेल?

कातळकडा: जानेवारीत मारखा खोऱ्यात किंवा झंस्करकडे जाणाऱ्यांना हल्ली सरसकट गॅसचा स्टोव्ह सुचवला जातो. माझं मत ठामपणे उलट आहे. उणे २० ला रॉकेलचा पंपाचा स्टोव्हच हवा. डब्यात द्रवरूपात भरलेल्या साध्या ब्युटेनचा उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत; पण मिश्रणातला प्रोपेन आधी जळून जातो. म्हणून नवा डबा जोरात चालतो आणि तळाशी गॅस खळखळत असतानाच ज्योत मरते.

धारेवरचा: हे आकडे समुद्रसपाटीचे झाले. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब ५७ टक्क्यांच्या आसपास असतो, तिथे ब्युटेन उणे १५ च्या सुमारास उकळतो. उणे २० ला तेवढ्याने भागत नाही, मान्य. पण लांब नळीचा आणि बर्नरजवळून तापनळी गेलेला स्टोव्ह घ्या. डबा सरळ ठेवून मिनिटभर पेटवा, नळी तापली की सावकाश उलटा करा. मग बर्नरकडे द्रव जातो, नळीतच त्याचा वायू होतो आणि मिश्रण शेवटपर्यंत तेच राहतं. तापनळी नसेल तर डबा मुळीच उलटा करू नका, भडका उडतो.

कातळकडा: द्रव ढकलायलाही डब्यात दाब लागतोच, आणि तो प्रोपेनवर अवलंबून. रॉकेलला दाब आपण पंपाने देतो. शिवाय गॅसचा डबा विमानात नेता येत नाही. लेहमध्ये मिळालेल्या डब्यावर मिश्रण छापलेलं नसेल तर तो साधा ब्युटेनच समजा.

काकडा: रॉकेलवाल्यांनो, अर्धवट तापवलेला स्टोव्ह हातभर पिवळी ज्योत आणि काजळी ओकतो. बर्नरखालच्या वाटीत चमचाभर स्पिरिट जाळा, ते विझत आलं की झडप थोडीशीच उघडा. पंपातलं चामडी वॉशर थंडीत सुकून आक्रसतं, दट्ट्या सैल जातो आणि हवा भरत नाही. तेलाचे दोन थेंब सोडा. निपलसाठी पिन हवीच. पेट्रोल वापरत असाल तर हातावर सांडू देऊ नका, त्या थंडीत लगेच हिमदंश होतो.

धारेवरचा: एवढा खटाटोप बोटं बधिर असताना? डबा रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा, स्वयंपाकाच्या वेळी कोमट पाण्याच्या ताटलीत.

काकडा: दोघांसाठी ते पुरेल. सहा जणांना बर्फ वितळवून पाणी करायचं तर नाही. शून्य अंशाचं एक ग्रॅम बर्फ वितळायलाच ८० कॅलरी जातात, आणि त्या उंचीवर तेच पाणी उकळायला आणखी ८५. पातेल्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपतो. आणि इंधन कुठलंही असो, बंद तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.