लिहिताना हात दुखतो म्हणतो, घरी काय खेळायला द्यावं?

मुलगा पहिलीत आहे. चार ओळी झाल्या की "आई, हात दुखतो." थेरपिस्ट म्हणाल्या, बोटांत ताकद कमी आहे, खेळातून वाढवा. बोटांनी दाबायची, व्यायामाची महागाची पुट्टी आणली, ती सध्या सोफ्याखाली असते. घरातलंच काही सुचवा ना.

उत्तर १
कणीक द्या! पोळ्यांसाठी मळतो त्याहून घट्ट. आत राजमा दडवायचा आणि शोधायला लावायचं. धाकटं भावंड असेल तर दाण्यांवर लक्ष ठेवा, नाकात जातात.

उत्तर २
मी स्वतः मुलांची अशीच थेरपी करते. खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. लांब खडू मुठीत धरता येतो, तुकड्याला तीन बोटंच लागतात. पाटी भिंतीवर टांगा. उभ्यावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं, खांद्यालाही काम मिळतं. रांगोळी चिमटीतून सोडणं तर उत्तमच. सांडेल, सांडू दे. खुर्चीत पाय लोंबकळतात का तेही बघा. लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, नाहीतर अंग सावरण्यातच दमतो.

उत्तर ३
वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचं खातं त्याला द्या. मोजे त्याचे, टॉवेल तुमचे.

प्रश्नकर्ती
पाय लोंबकळतातच! पाट आजच काढते. रांगोळीला सासूबाईंची परवानगी लागेल.