खिशातलं सूर्यघड्याळ: चोर बाजारात मिळालं, पण वेळ चुकतेय

गिरगावकर: मटण स्ट्रीटवर एक पितळी सूर्यघड्याळ घेतलं, तळहाताएवढं, मधे होकायंत्र, सावली पाडणाऱ्या काट्यावर छोटा पक्षी आणि खाली रोमन लिपीत नुसतं 'बटरफिल्ड, पॅरिस' असं कोरलंय. गच्चीत ठेवलं तर वेळ भलतीच येते. कोण हा?

जुनीघड्याळं: अरे वा दादा! मायकल बटरफिल्ड, मूळचा इंग्रज, पॅरिसला दुकान, १७२४ मध्ये वारला. पक्ष्याची चोच अक्षांश दाखवते, काटा उघडून आपल्या गावाच्या अंशावर लावायचा, काय डोकं लावलंय! पण ही घड्याळं साधारण ४० ते ६० अंशांसाठी, मुंबई १९ वर. ४९ अंशांसाठी कोरलेली तासांची वर्तुळं धरून काटा ४९ वर ठेव आणि दक्षिणेची कड फरकाइतकी, म्हणजे ३० अंश उचल. शिवाय मुंबईची सूर्यवेळ हातातल्या घड्याळाच्या साधारण ३९ मिनिटं मागे, वर्षभरात थोडी कमीजास्त.

माहीमची ताई: नकली घड्याळं खूप असतात हं, भिंगातून बघ, हाताने कोरलेल्या रेघा धारदार दिसतात. मला मात्र जर्मनीतल्या न्यूरेंबर्गची हस्तिदंती घड्याळं जास्त आवडतात, पुस्तकासारखी उघडणारी, आत ताणलेला दोराच काट्याचं काम करतो, टुखर, ट्रोशेल अशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेच करायची.

गिरगावकर: कड उचलली, जमलं!! पॉलिश करू का?

माहीमची ताई: अजिबात नको, कोरीव काम झिजतं.