लॅब आणि मांजरीचं पिल्लू, दोघांच्याही कानात तपकिरी मळ. एकच औषध चालेल का?

पावसाळी_कान
लॅब्रॅडॉर, ४ वर्षं, ३२ किलो. दोन आठवड्यांपूर्वी रस्त्यावरून आणलेलं मांजरीचं पिल्लू, अडीच महिन्यांचं, १ किलो. दोघंही सतत कान खाजवतात. पिल्लाच्या कानातला मळ कोरडा, दाणेदार, कॉफीच्या भुकटीसारखा. लॅबचा चिकट आणि त्याला आंबूस वास. लॅबचे मागच्या वर्षीचे थेंब अर्धी बाटली उरलेत. तेच दोघांना घालू का? की खोबरेल तेल घालू?

स्लाइड_आणि_स्वॅब
दोन्ही नको. तुमच्या वर्णनावरून पिल्लाला माइट्स (कानातले बारीक किडे) आणि लॅबला यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाटतंय, पण नुसत्या रंगावरून ठरवू नका. व्हेटला दोघांच्या प्रत्येक कानाचा वेगळा स्वॅब (कापसाच्या काडीवर मळाचा नमुना) घ्यायला सांगा. मळ लिक्विड पॅराफिनच्या थेंबात मिसळला की मायक्रोस्कोपच्या कमी पॉवरखालीसुद्धा माइट्स चालताना दिसतात. यीस्ट आणि जंतू मात्र स्लाइड रंगवूनच कळतात. पाचच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळल्यामुळेच कान महिनोन्महिने चिघळतात.

जुन्या थेंबांचा खरा धोका कानाच्या पडद्याचा. कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते, त्यामुळे ऑटोस्कोपशिवाय (कानात पाहायचं दिव्याचं उपकरण) पडदा दिसत नाही. तो फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं आतल्या कानात उतरून बहिरेपणा आणू शकतात. तेलाने काही माइट्स गुदमरतात, अंडी राहतात. लॅबच्या कानात तर तेलकटपणा यीस्टच्या पथ्यावरच पडेल.

कान_साफ
पडदा शाबूत आहे असं व्हेटने सांगितलं की लॅबचे कान असे धुवा. कानाची पाळी वर धरून क्लीनरने नळी पूर्ण भरा, बाटलीचं टोक आत टेकवू नका. कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग त्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेला मळ कापसाने टिपा. इअरबड नको, त्याने मळ आत ठासला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

औषध घालायचं ते साधारण पंधरा मिनिटांनी, कान सुकल्यावर. इथे बहुतेक जण कमी पडतात. चार-पाच थेंब म्हणजे जेमतेम पाव मिली, ते लॅबच्या नळीच्या तळापर्यंत पोचतच नाही. एवढ्या कुत्र्याला बहुतेक थेंबांचे प्रत्येक कानात ०.८ ते १ मिली लागतात. नेमकं माप व्हेटला विचारा आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजून घाला. खाज तीन-चार दिवसांत थांबते, म्हणून औषध थांबवू नका. यीस्टला किमान दोन आठवडे द्या, आणि बंद करण्याआधी पुन्हा स्वॅब.

पावसाळी_कान
दोघं एकाच गादीवर झोपतात. लॅबचा गोचिडांचा स्पॉट-ऑन (कातडीवर लावायचं औषध) घरात आहे, त्यातला थोडा पिल्लाला लावला तर?

मांजर_कट्टा
अजिबात नाही! कुत्र्यांच्या अनेक स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूही. लॅबला तसलं औषध लावलंत तरी ते पूर्ण सुकेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

पिल्लासाठी व्हेटला सेलामेक्टिन या माइट्सवरच्या स्पॉट-ऑनबद्दल विचारा. ते ८ आठवड्यांपुढे चालतं, आणि अडीच किलोपर्यंतच्या मांजराला १५ मिग्रॅची ट्यूब असते. मानेच्या मागे केस बाजूला करून कातडीवर लावायचं, कानात नाही. अंड्यापासून पूर्ण वाढीला माइटला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून महिन्याने दुसरा डोस लागू शकतो. पिल्लाला माइट्स निघाले तर लॅबलाही माइट्सचं औषध हवंच, नाहीतर ते एकमेकांना परत देत राहतील. गादीचं कापड गरम पाण्यात धुवा.

स्लाइड_आणि_स्वॅब
एक राहिलं. लॅबचे कान दर पावसाळ्यात असेच होत असतील आणि तो पंजेही चाटत असेल, तर मुळात ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. ती हाताळल्याशिवाय कान परत परत होणार. आणि दोघांपैकी कुणाचंही डोकं एका बाजूला कललं, तोल गेला, किंवा कानाची पाळी फुग्यासारखी रक्ताने भरली, तर थेंब बंद करून त्याच दिवशी व्हेट गाठा.